मार्च ते डिसेंबर

करार नऊ महिन्यांचा असतो.
नऊ महिने भरले की
घर मला बाहेर काढतं,
कळा मात्र माझ्याच.

पंधरा डिसेंबरला बर्तोलोत्ती येतो, हातात यादी.
काटे सहा, चमचे सहा,
बूच काढायचा स्क्रू एक,
गादीवर डाग एक, जुना.
सुऱ्या मोजता मोजता थांबतो.
म्हणतो, वास येतोय.
मी विचारते, कसला?
तो बंदराकडे बोट दाखवतो.
सगळ्या भिंती मी लिंबानं पुसल्या होत्या,
दारामागचा कोपरासुद्धा,
तरी डिपॉझिटमधून वासाचे पैसे कापले गेले.
त्याची पावती मिळत नाही.

मार देल प्लाताच्या बंदरावर मी मासे सोलते.
मजुरी पेटीवर, पेसोमध्ये.
जानेवारीत हे घर डॉलरमध्ये बोलू लागतं.
पंधरवड्याला इतकं मागतं
जितकं मी मार्चपासून जुलैपर्यंत दिलं.
हिशेब चारदा केला, पेटीच्या झाकणावर,
ओल्या पेन्सिलीनं.
चौथ्यांदाही तेच.

जाहिरातीत लिहितात: समुद्र दिसतो.
दिसतो की.
न्हाणीघराच्या खिडकीतून, स्टुलावर चढलं तर,
दोन इमारतींच्या मध्ये
तीन बोटं रुंद.
हिवाळाभर, गॅस पुरवून पुरवून वापरताना,
ती तीन बोटं मी फुकट पाहिली
हे बर्तोलोत्तीला अजून कळलेलं नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणतात.
विंचवाला निदान नांगी असते.
माझ्या पाठीवर शिवणयंत्र, रोमिनाच्या वह्या,
आणि एक कुंडी, जिच्यातलं रोप दरवर्षी
बहिणीच्या गॅरेजात पानं टाकतं
नि मार्चमध्ये परतलं की
लाजत लाजत पुन्हा फुटतं.
रोमिना सात वर्षांची. तिला वाटतं,
उन्हाळा म्हणजे गॅरेज.
शाळेत चित्र काढलं तिनं:
सूर्य, टायर, आई.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही किनाऱ्यावर गेलो.
सावलीला भाडं, म्हणून उन्हात बसलो.
शेजारच्या छत्रीखालच्या बाई राजधानीतून आलेल्या,
खांदे भाजून लाल.
विचारलं, ताजा मासा कुठे मिळेल?
तुम्ही इथल्याच ना?
माझ्या आधी रोमिना बोलली:
"मार्चपासून डिसेंबरपर्यंत."
बाई हसल्या. पोर गमती आहे म्हणाल्या.
मी त्यांना दुकान सांगितलं,
खरा भावही सांगितला,
नि कल्ले उघडून बघायचे, तेही.
कदाचित तो मासा मीच सोललेला असेल.

परतताना मुद्दाम आमच्या गल्लीतून गेलो.
दुसऱ्या मजल्यावर, मी बांधलेल्या दोरीवर
कुणाचे तरी पट्ट्यापट्ट्यांचे टॉवेल.
वारा इतका की टॉवेल आडवे झालेले,
पण गाठ धरून होती.
आई, आपली दोरी, रोमिना ओरडली.
मी म्हटलं,
हळू बोल.