शेजारी

पुंता अरेनास. पहाटेचे तीन.
वारा इस्पितळाचे पत्रे उचकटतोय,
यास्ना फरशीवर बसलीय, मांडीवर लॅपटॉप.

दोन राउटरांमधली नवी फायरवॉल:
तिला पत्ता नाही, वाटेत ती कुणाला दिसत नाही.
तरी दर दहा सेकंदांनी इकडून निघालेला हॅलो
तिच्यात जिरतो.
चाळीस सेकंद गेले की
शेजाऱ्याच्या लेखी शेजारी मेला.

यास्ना परवानगीची एक ओळ लिहिते.
आता एकजण ऐकतो, दुसरा अजून बहिरा.
"परतीचं काय?" फोनवर ओयार्सून खोकतो.
"ही बया लक्षात ठेवत नाही, कोण गेलं ते."

मग उलट्या दिशेची ओळ.

पत्रे वाजतच राहतात.
प्रयोगशाळेतून तिसऱ्या मजल्यावर
अडकलेला एक अहवाल पोचतो:
हिमोग्लोबिन नऊ.