अडकलेला सज्दा

दाढीला चाळीस नाणी पडतात तिथे.
अर्शान म्हणाला, दादा, फुकटात पोरगाच मिळेल.
म्हणून मी, शरफुद्दीन मुकादम, वय एकाहत्तर,
गोदीत तेहतीस वर्षं पेट्या मोजलेला माणूस,
रात्री अकराला वीस वर्षांचा होतो.
निळा कुडता, गुळगुळीत हनुवटी,
पाय जमिनीपासून बोटभर वर.

मशीद चांगली आहे. खांब कापरासारखे.
हौजातलं पाणी हलतं, ओलं कोणी होत नाही;
वजू आपापल्या मोरीत करून यायचं.
डाव्या हाताला बसतो एक कोल्ह्याच्या तोंडाचा,
तजवीदीत सगळ्यांत हुशार तोच.
उजवीकडे एक बाई, नावाच्या जागी नुसते आकडे,
रोज सलामाला पहिलं उत्तर तिचं.

शिकवतात उस्तानी नुसैबा.
त्यांच्या आवाजामागे कोंबडा आरवतो
तेव्हा माझगावात आमच्या खाली पानवाला शटर ओढतो.
फिजी असेल, म्हणतो अर्शान.
नकाशात पाहिलं. शाईचा शिंतोडा उडावा एवढं.

मुरुडला मौलवींच्या छडीखाली
आम्ही सिपारे संपवले ते धावत,
ज़्वादचा नुसता ज करत.
उस्तानी म्हणतात, थांबा.
जिभेची कड डाव्या दाढेला लावा,
अक्षर दाबून येऊ दे.
माझी डावी दाढ केईएममध्ये राहिली, हे कसं सांगू?
वीस वर्षांच्या पोराला सगळे दात असतात.

एकदा मीच म्हणालो,
आमच्या बोलीतही आहे एक अक्षर, बाहेरच्याला येत नाही.
म्हणा, डोळा.
डोला, म्हणाल्या.
म्हणा, केळ्याची साल सोलल्यासारखी जीभ मागे वळू दे, डोळा.
डोरा, म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.
कोल्ह्याला मात्र जमलं.
तू कुठला रे, मी विचारलं.
तो काही बोलला नाही.

परवा सज्द्याची आयत आली.
इथलं वाकणं म्हणजे नुसतं दाखवणं, त्या म्हणाल्या,
खरा सज्दा आपापल्या फरशीवर.
तरी सगळ्यांनी बटण दाबलं. मीही,
आणि नेट गेलं.

पडद्यावर मी कपाळ टेकून.
गॅसवर दूध.
उठलो, चहा टाकला, बिस्किट बुडवलं, अर्धं तुटून तळाशी गेलं,
शेजारच्या टीव्हीतलं सासूसुनेचं भांडण
भिंतीतून शेवटपर्यंत ऐकलं.

पाऊण तासाने नेट आलं.
मशीद रिकामी. मी तसाच.
आणि माझ्यापासून दोन हातांवर उस्तानी, बसलेल्या.
कोंबडा गप्प होता, तिकडे उजाडलं असणार.
"बेटा," त्या हळूच म्हणाल्या, "उठवलं नाही तुला.
एवढा लांब सज्दा मी कुणाचा पाहिला नाही."

सांगायला हवं होतं.
दूध. वायर. एकाहत्तर.
"जी," म्हणालो.

आम्ही शाफई. आमच्यात हा सज्दा सुन्नत,
राहिला तर गुन्हा नाही, हे मला पाठ आहे.
तरी दीड वाजता मोरीत वजू केलं,
चटईचा कोपरा पायाने सरळ केला,
कपाटाला धरून आधी एक गुडघा, मग दुसरा.
फरशी गार. कपाळाखाली बिस्किटाचा कण.
तो काढायला हात उचलला नाही.

किती वेळ, ते मोजलं नाही,
जन्मभर मोजण्याचाच पगार घेतलेल्या माणसाने.
पाऊण तास नक्कीच नव्हता.
बाकी पुढे ओढली.