व्हिनेगरमधली बरगडी

कोपास्करच्या शाळेत मुलं सहा
आणि शिक्षिका एक, स्टेइनुन.
नावातच दगड, आणि हाडाची शिक्षिका.
सप्टेंबरच्या कापणीनंतर तिने मेंढीच्या दोन बरगड्या आणल्या.
एक व्हिनेगरच्या बरणीत,
एक कुंभारकामाच्या भट्टीत.

भट्टीतली बाहेर आली
तशीच्या तशी, वाक न् वाक जागेवर,
खडूसारखी पांढरी, कडेला जरा निळसर.
एल्वारने नुसतं बोट लावलं
आणि तिचा चुरा झाला.
बरणीतलीला तीन आठवडे लागले.
चार वेळा पाणी बदलावं तसं व्हिनेगर बदललं.
मग ती चामड्याच्या पट्टीसारखी लोंबायला लागली,
आणि एल्वारने तिची गाठ मारली.

यातलं खरं हाड कुठलं?
एकात नुसता क्षार उरला,
दुसरीत नुसता चिवटपणा.
स्टेइनुन म्हणाली, दोन्ही. आणि एकही नाही.
मुलांना ते पटलं नाही.
एकाने सांगितलं, त्याचे आजोबा लहानपणी
हाडांचाच गोठा मांडायचे:
नडगी घोडा, जबडा गाय.
त्यांच्या गाई कधी मोडल्या नाहीत.

टेबलाच्या खणात आकुरेरीच्या इस्पितळाचा कागद आहे.
खुबा: उणे तीन पूर्णांक एक.
तिला सगळं माहीत आहे, हीच तर पंचाईत.
आत कुणी पोखरतं, मागोमाग कुणी भरतं,
पाडायला तीन आठवडे, बांधायला चार महिने.
बंदराच्या धक्क्याचंही असंच चाललंय,
फक्त तिथे पाटी लावतात.
बांधणारे काही भिंतीतच राहतात,
आपणच लिंपलेल्या कोनाड्यात,
केसाएवढ्या बोगद्यांतून एकमेकांना धरून,
आणि वरून कोण किती जोरात चाललं
ते ऐकत बसतात.
रात्री रक्तात कॅल्शियम कमी पडलं
की हृदयासाठी उसनं मागणं येतं.
हाड नाही म्हणत नाही.
चिठ्ठी नाही, व्याज नाही.
ती एकोणसाठ वर्षं असंच देत आली,
मुलांना, नवऱ्याला, एका मोडक्या बोटीला,
म्हणून या एका गोष्टीचं तिला नवल वाटत नाही.

डॉक्टर म्हणाले, चालत जा. जपून, पण वजन टाकून.
तेव्हापासून ती बुटांना खिळे लावून
गोठलेल्या रस्त्यावर मुद्दाम आपटत चालते.
शेजारी गुडमुंडुर खिडकीतून बघतो,
त्याला वाटतं, रागावलीय.
ती दार ठोठावत असते.
आत कुणी आहे, याची तिला खात्री आहे.
उघडतील का, याची नाही.

शुक्रवारी एल्वार गाठ घेऊन आला.
ती रेडिएटरवर विसरली होती,
सुकून पिवळी, शिंगासारखी कडक झालेली.
बाई, आता सुटतच नाही.
स्टेइनुनने चष्मा लावून पाहिलं,
दोन्ही टोकं धरून ओढून पाहिलं.
खरंच सुटत नव्हती.