काचेवरचा अंगठा

शिरोलीच्या फाउंड्रीत मी तपासणीला आहे.
गार झालेलं कास्टिंग दोरीला टांगायचं,
छोट्या हातोडीनं एकदा ठोकायचं
आणि कान द्यायचा.
खणखणलं तर पास.
बद्द वाजलं तर आत कुठंतरी तडा.
फोडून बघायची पाळी येत नाही.
सोळा वर्षांत चुकलो नाही मी.
(आमच्यात बायासुद्धा ‘चुकलो’च म्हणतात.
पुण्याच्या नणंदा हसतात,
कोल्हापुरात बायका नाहीतच म्हणे.)

हातांचं काळं तेवढं जात नाही.
लिंबू, राख, रॉकेल, सगळं करून झालं.

दशलक्षणाच्या तिसऱ्या दिवशी जन्मली म्हणून आर्जवी.
आठवीत तिला फोन दिला
तेव्हा वहीच्या पाठकोऱ्या पानावर करार केला:
रात्री दहाला फोन ज्वारीच्या डब्यावर.
उघडायचे आकडे तिघांनाही ठाऊक.
बघायचं झालं तर तिच्यासमोर, तिला विचारून.
खाली तीन सह्या.
जिनेंद्रनं तारीखसुद्धा घातली,
सोसायटीचं कर्ज उचलल्यासारखी.

मग तिच्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो
नको तिथं हिंडून आला.
शाळेत मीटिंग झाली.
पोरांच्या बाकड्यांवर आम्ही आया, गुडघे पोटाशी,
कुणी कुणाकडं बघेना.
ती मुलगी आता सांगलीला, मामाकडं असते.

त्या रात्रीपासनं मी उठायला लागलो.
सव्वाबाराला, पाणी प्यायच्या निमित्तानं.
सगळी झोपलेली, निमित्त कुणाला दाखवायचं होतं
कुणास ठाऊक.
चार आकडे. आमच्या लग्नाचं साल.

काय वाचलं?
भूगोलाचे नकाशे.
कबड्डीच्या सरांच्या नकला.
कुणाच्या तरी मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यावर साठ मेसेज.
आणि एका नव्या मैत्रिणीला लिहिताना
ही माझी पोर ‘येते’, ‘जाते’, ‘करते’.
घरात ‘आलो गं’ म्हणून दप्तर फेकणारी.
वाईट असं काहीच नव्हतं,
तरी त्या एका ‘जाते’पाशी
मी लई वेळ थांबलो.

गेल्या गुरुवारी मृण्मयीला लिहिलेलं:
‘चल, बंद करतो. रात्री आई वाचत्या.
सकाळी काचेवर काळा अंगठा असतोय.
मी पुसून टाकतो.
तू काय बोलू नको हं तिच्यापुढं,
तिला कसंतरी वाटंल.’

फ्रिज घुरघुरून गप झाला.
कशानं पुसत असेल?
ओढणीनं? युनिफॉर्मच्या बाहीनं?
त्याच बाहीचे डाग मी रविवारी घासत होतो
आणि तिलाच ओरडत होतो.

जिनेंद्रला उठवून सांगितलं.
तो कूस बदलत म्हणाला,
‘वाचायचं तरी सोड, नाहीतर हात तरी धू.’

सकाळी डब्यात शेंगदाण्याची चटणी भरताना
तिच्याकडं न बघता बोललो,
‘मी वाचत होतो. रात्री. बारा-तेरा वेळा.’
‘एकोणीस,’ ती म्हणाली.
दातांत रबर, हातात वेणी.
रागावली असती तर बरं झालं असतं.
‘करार फाडू?’
‘फाडतीस कशाला? माझीपण सही आहे त्यावर.’

वेणी झाली. बूट झाले.
मग दारातनं परत आली,
फोन ओट्यावर ठेवला, एक नंबर उघडून.
नाव नाही, फोटोच्या जागी मोटारसायकल.
‘एवढंच वाच. वर जाऊ नको.’

चार ओळी होत्या.
शाळकरी पोराच्या नव्हत्या.
अंगठा वर सरकायला बघत होता.
मी मूठ मिटली.

‘कोण हा?’
खाली व्हॅनचा हॉर्न, दोनदा.
तिनं फोन नेऊन ज्वारीच्या डब्यावर ठेवला.
काच पुसली नाही.

‘संध्याकाळी सांगतो,’
जिन्यावरनं आवाज आला.
हातात चटणीच्या बरणीचं झाकण होतं.
ते तसंच धरून
मी कान दिला.