एकास पस्तीस

जालन्यात गंज शोधायला लांब जावं लागत नाही.
भंगाराच्या यार्डाबाहेर मी उकिडवा बसतो,
सळईला पोपडे कुठे धरतात,
पाऊस पडून गेला की डाग केवढा ओघळतो, बघत.
वॉचमनला वाटलं, चोर आहे.
खिसे तपासले त्यानं : एक भिंग, एक चिमटा,
पुडीत चिमूटभर तांबडी भुकटी.

रणगाडा वीतभर.
गोळा शिरला ते भोक तापल्या सुईनं पाडलं,
वितळलेली कड तशीच वर येऊ दिली.
मडगार्ड आतून तासून कागदासारखं केलं, मगच मुडपलं,
नाहीतर पत्रा साबणासारखा दिसतो.
आगीत चाकांचं रबर जळून जातं,
म्हणून गाडी एका अंगावर दीड मिलिमीटर खाली बसवली.
पट्टा तोडला. त्याची एक कडी दोन दिवस सापडेना,
शैलजाच्या चपलेत निघाली.
माती घरामागची, चहाच्या गाळणीतून चाळलेली.
(घरात आता दोन गाळण्या आहेत. एकीवर माझं नाव.)

मग मन्नानचाचांना बोलावलं.
रिटायर्ड दफेदार; मोंढ्यात वजनकाट्यावर बसतात.
चष्मा कपाळावर सारून डोळ्याशी नेऊन बघत राहिले.
'मिट्टी काली कायकू? ही तर आपली, कपाशीची.
तिकडची पिवळी होती, पिठासारखी. दातात यायची.'
काजळी कुठे दाट, नखानं दाखवलं.
आणि गंज?
'गंज नंतर आला असंल. मी नव्हतो बघायला.'

तीन महिने मी गंजच करत होतो.

तोफेच्या नळीवर बोट ठेवून ते थांबले.
'ये सीधी रखे तो ड्रायवर का ढक्कन खुलताच नै.'
एवढंच.
कोण होतं आत, मी विचारलं नाही.
बशीत ओतलेला चहा बशीतच राहिला.

रात्री ब्लेड घालून घुमट सोडवला.
कडकन आवाज झाला, रंगाचा टवका उडाला,
माझ्या सगळ्या जखमांत तेवढी एकच खरी दिसत होती.
नळी डावीकडे वळवली. नखाएवढं झाकण
उघडं चिकटवलं.
आत काळोख होता. तो मी रंगवलेला नव्हता.

पिवळी माती मिळेना, म्हणून बेसन भुरभुरलं.
सकाळी मुंग्या.
गोळ्याच्या भोकातून आत जात होत्या
आणि झाकणातून, एकेक,
बाहेर.

मी फुंकर मारली नाही.