निळा काढ आधी

सँ-नाझेरच्या गोदीतून बाबा घरी यायचे
तेव्हा आई दारातूनच म्हणायची, "निळा काढ आधी."
निळा म्हणजे त्यांचा कामाचा डगला,
खिशांपाशी ग्रीसने काळवंडलेला.
सायकलवरून पडल्यावर माझ्या गुडघ्यावर
उमटायचा, तोही निळाच.
आणि पहिल्याच दिवशी हातोडी
उलटी धरणारा तो पोरगा,
त्याला अख्खी गोदी हाक मारायची : ए निळ्या!
पुढे त्याच्याशीच, गाएलशी, मी लग्न केलं.

गोदीत माणसं कमी केली त्या वर्षी
बाबा पिवळं हसायला शिकले.
दात दिसायचे, डोळे नाहीत.
मग कुणाकुणाच्या गॅरेजात काळ्यात कामं,
रोख पैसे, पावती नाही,
आणि आईच्या, एकीमागून एक,
टक्क पांढऱ्या रात्री.

परवा जेवताना मुलीनं विचारलं,
"आजोबा कसे होते?"
टेबलावर पांढरं पडलं.
बोलण्यातल्या अशा खिंडाराला
आमच्याकडे तेच म्हणतात.

गाएल उठला.
माळ्यावरून डगला काढून आणला.
धुऊन धुऊन त्याचा रंग
आता कुठल्याच शब्दात बसत नव्हता.
पोरीनं तो अंगात घातला,
बाह्या दुमडल्या
चार वेळा.