पाव किलो

फोनवर म्हणाला, "डक्ट उघडावं लागंल ताई,
नुसत्या गवताच्या ताट्या बदलून भागत नाही."
चौदाशे सांगितले. मी हजार म्हटलं.
बाराशेवर दोघंही जरा नाराज होऊन थांबलो.

एप्रिलचा दुसरा आठवडा. साडेदहालाच
अशोक चौकातलं डांबर चपलेला धरत होतं.
मौलाली नदाफ स्कूटीवर आला,
पायाशी व्हॅक्यूम, खांद्यावर नळीची गुंडाळी,
मागे एक पोरगा, त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.
"आधी पाणी द्या," म्हणाला, "मग धूळ."

आमचा कूलर गच्चीवर, मागच्या अंगाला,
खाली जिथे बारा माग होते.
त्याचं तोंड शेडकडे, आणि पत्र्याचा बोगदा
स्वयंपाकघरावरून पुढच्या दोन खोल्यांत.
मोराच्या चादरीला भाव आला त्या वर्षी
नायनांनी तो हौसेनं करून घेतला.
माग नंतर भंगारवाल्यानं किलोवर नेले.
बोगद्याचं त्याला कुणी विचारलं नाही.

नायना पलंगावरून बघत होते.
नदाफनं जाळीचे तीन स्क्रू काढले, चौथा तोडला,
कोपरापर्यंत हात घातला
आणि ओढलं.

मला वाटलं मेलेलं मांजर.
मग ते येतच राहिलं, लांब, मऊ,
वरून राखाडी; फाटलं तिथे आत थर,
पोपटी, राणी, जांभळा, परत पोपटी,
ज्या साली मागावर जो रंग चढला तो.
व्हॅक्यूम तसाच घुमत ठेवून
नदाफ ते बोटांनी पिंजत बसला.
"कापूस चांगला होता ओ तुमचा. मिक्स नाही."
"मिक्स कधी वापरलाच नाही," नायना म्हणाले.
हिशेबाच्या वह्या मी लिहायचे.
मी काही बोलले नाही.

"आमचा दादा धनुकली घेऊन
याच बोळांतनं हिंडायचा, गाद्या पिंजायला.
मी तेच पत्र्यातनं काढतो, मोटारीनं."
दुःखानं नाही, दर सांगावा तसं म्हणाला,
आणि नळी आत सोडली.

मग गच्चीवरून पोरगा ओरडला,
काहीतरी अडकलंय, वाजतंय.
काठीनं खालीवर करून त्यानं ते ढकललं
आणि ते माझ्या पायाशी पडलं: एक कांडी.
तिच्यावर अजून पोपटी सुताचे सात-आठ वेढे.
नववीत होते मी. उद्या भूगोलाचा पेपर,
आणि आई म्हणाली होती, आधी टोपलीभर कांड्या भर.
एक कमी भरायला लागावी म्हणून
स्टुलावर चढून मी ती जाळीत सरकवली होती.
आईनं मोजल्या होत्या. मार बसला होता.
एवढी वर्षं मला वाटायचं, ती टक् टक् पंख्याची.

नायनांनी वजन करायला लावलं.
"वेस्टेज मोजायचं असतं," म्हणाले,
भाजीच्या काट्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत.
पाव किलोला थोडं कमी.
"घराच्या मानानं लई आहे," नदाफ म्हणाला.
"शेडच्या मानानं काहीच नाही," नायना म्हणाले,
आणि कितीतरी दिवसांनी हसताना खोकले नाहीत,
किंवा खोकले असतील, व्हॅक्यूम चालू होता.

पावतीवर त्यानं लिहिलं: डक्ट साफ. एक जाळी नवी.
पुढची सर्व्हिस मार्च.
बाराशे घेतले, वर पोरग्याला मी पन्नास दिले.

रात्री हवा आली ती नुसती हवा,
ओल्या गवताची, गार.
माझा डोळा लागत होता तेवढ्यात नायना म्हणाले,
"लाइट गेली काय गं?"
म्हटलं, नाही, आहे की. कूलर चालू आहे.
"मग वाजत का नाही?"

कांडी माझ्या उशीखाली होती.
मी कूस बदलली.
ते बराच वेळ जागे होते,
हे मला कळत होतं, कारण मीही होते.